दुसरी सही

अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हात माणसाचा हात गार लागला, की आधी भ्यावं आणि मग बोलावं. वच्छलाबाई पिदुरकर आधी बोलल्या.

चंद्रपुरातली मे महिन्याची दुपार. कोपऱ्यावरची विजेची डीपी उडून दोन तास झाले होते, कूलर मुके पडले होते. मागच्या शेडमध्ये कैरीच्या फोडी हळद-मिठात मुरत होत्या, आणि अशा ऐन कामाच्या वेळी सून स्वराली माठाजवळच्या बाजेवर बसून एकटीच हसत होती.

"काय झालं दात काढाले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कॉलेजले सुट्टी आहे, माह्या घरच्या कामाले नाही."

"आई, त्या बरण्या उलट्या टांगल्यात बघा," असं म्हणून स्वराली परत हसली.

बरण्या सरळ होत्या. फळीवर, रांगेत, जशा चाळीस वर्षं असतात तशा. वच्छलाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि त्यांच्या हाताला ओल लागली. गार, चिकट ओल. पोरीचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कोणी बसलेलं नव्हतं.

तिच्या कमरेच्या इन्सुलिनच्या डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. वच्छलाबाईंनी बटण दाबलं. डबी गोड आवाजात म्हणाली, "साखर एकशे बासष्ट. सगळं ठीक आहे."

"तुह्या तोंडात माती," वच्छलाबाई डबीला म्हणाल्या.

शाळा त्यांनी तिसरीत सोडली होती, पण घरातला माणूस वाचायला शाळा लागत नाही. कपाटात, जुन्या साड्यांच्या खाली, बोट टोचायचं जुनं मीटर होतं. कोणी वापरत नव्हतं, तरी त्यांनी ते फेकू दिलं नव्हतं. बोट टोचलं, थेंब दिला. अडतीस.

डबी म्हणते एकशे बासष्ट, रक्त म्हणतं अडतीस. आणि डबी आपल्याच आकड्यावर विश्वास ठेवून पोरीच्या पोटात आणखी औषध ढकलत होती, हे वच्छलाबाईंना नळीतल्या टिक-टिक आवाजावरून कळलं. त्यांनी नळी उपटली. गूळ कालवून त्याचं पाणी तिच्या ओठांना लावलं, सांडलं, परत लावलं. "गिळ. गिळ म्हणतो नं मी!" घाबरल्यावर वच्छलाबाई बापाच्या बोलीत, पुरुषासारख्या बोलत.

पाऊण तासानं स्वराली नीट बघायला लागली, आणि मग लहान मुलीसारखी रडली. तिला काहीच जाणवलं नव्हतं. तिला अकराव्या वर्षी मधुमेह झाला होता. अशा माणसाचं शरीर पंचवीस वर्षांनी साखर उतरल्याची दवंडी पिटायचं सोडून देतं. हात थरथरत नाहीत, भूक लागत नाही. माणूस हसतो, मग झोपतो. म्हणून तर ती डबी होती.

डबी कुठल्याही कारखान्यात बनो, तिच्या आतली अक्कल एकच होती. तिचं नाव 'पाझर'. ती अक्कल वच्छलाबाईंच्या एकुलत्या एका मुलानं, निनादनं, बायकोसाठी लिहायला घेतली होती. दंडावरची पट्टी दर पाच मिनिटांनी साखर मोजते, पाझर पुढच्या तासाचा अंदाज बांधतो आणि पोटात लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतो. निनादनं ते कुलपात ठेवलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं, सुधारावं, वापरावं. नैरोबीची वांजिरू आली, कोचीचे कुरियन सर आले, आणि बारा वर्षांत सहा लाख माणसं पाझर लावून जगत होती.

पण वाटेल त्याची सुधारणा वाटेल तशी आत जाऊ नये म्हणून एक नियम होता, आणि त्या नियमाचा वच्छलाबाईंना लेकापेक्षाही जास्त अभिमान होता, कारण तो त्यांचा होता. त्यांच्या शेडमध्ये लोणच्याची बरणी दोन घरच्या दोन बायकांनी चाखल्याशिवाय बंद होत नसे. दोन घरच्याच. एकदा एका घरच्या सासू-सुनेनं मिळून चाखलं होतं आणि अख्खा घाणा खारट गेला होता. दोघींच्या घरी तेच मीठ, तीच सवय, कोणाला काही कळलंच नाही. निनादनं हे लहानपणी पाहिलेलं. पाझरमध्ये त्यानं तीन चावीदार ठेवले: तो स्वतः, कुरियन सर, वांजिरू. या तिघांपैकी दोघांची सही झाल्याशिवाय एक अक्षरही डब्यांमध्ये उतरत नसे.

पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या आरोहण कंपनीनं निनादला नोकरी दिली. काम तेच, पाझरचंच, फक्त आता पूर्ण दिवस आणि पगारी. पाझर सगळ्यांसाठी मोकळा तो मोकळाच राहणार, असं कंपनीनं लिहून दिलं आणि ते पाळलंही. खोटं कशाला बोला? आधी पोरगा रविवारी बसून, डोळे लाल करून जे करायचा, ते आता बारा माणसांची प्रयोगशाळा करत होती. डबी मराठी बोलायला लागली ती त्यामुळंच. वच्छलाबाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. "लोकायचं काम करून पोट भरते माहा पोरगा," असं त्या इतक्यांदा म्हणाल्या, की शेवंता येरगुडे एकदा म्हणाली, "वच्छलाबाई, आता बोर्डच लावा दारावर."

"लावीन नं. तुह्या दारावर लावीन, तुले रोज वाचाले लागन."

ही शेवंता म्हणजे शेडमधली सगळ्यात पक्की जीभ. तिच्याही कमरेला पाझरची डबी होती. वच्छलाबाईंनीच घ्यायला लावली होती.

निनादनं तिसऱ्या रिंगला फोन उचलला.

"तुह्या डबीनं तुही बायको मारली असती आज," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन स्वरालीच्या हातात कोंबून स्पीकर लावला.

नवरा-बायको दहा मिनिटं आकड्यांत बोलले. नंतर स्वरालीनं सासूला समजावलं. ती कॉलेजात रसायन शिकवायची, आणि सासूला शिकवताना तिला पुस्तक लागत नसे.

"पट्टीत एक पातळ थर असतो, आई. तो साखर कुरतडतो. जितकं कुरतडतो तितका बारीकसा करंट निघतो, आणि डबी तो करंट मोजते. आता गरम झालं की तो थर घाईघाईनं कुरतडतो. साखर तेवढीच, करंट जास्त. डबीला वाटतं साखर वाढली."

"मंग हे यायले माहीत नव्हतं?"

"होतं ना. किती गरमीला किती वजा करायचं, त्याचा तक्ता आहे पाझरमध्ये. पण तो बेचाळीसला संपतो. त्याच्या पुढं डबी काहीच वजा करत नाही. माझी पट्टी आत्ता चव्वेचाळीसवर आहे."

"बेचाळीसलेच काहून संपवला?"

फोनमधून निनाद म्हणाला, "आई, तेव्हा कोणाच्या दंडाला चव्वेचाळीस होत नव्हतं."

तो खरं बोलत होता. उन्हाळे नंतर वाढले.

"किती मोठं काम आहे ते? दुरुस्तीचं?"

"चार ओळी. लिहून झाल्या पण."

"मंग लाव."

तिकडे खुर्ची करकरली. निनाद बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता, शेजारी कोणी बसल्यासारखा.

"लावता येत नाही, आई. कंपनी विकली जाते आहे. मोठी कंपनी घेते आहे. सौदा पुरा होईपर्यंत दहा दिवस आमच्यातल्या कोणी कशावर सही करायची नाही, कुठल्या चुकीबद्दल बाहेर बोलायचं नाही. तसं लिहून घेतलंय आमच्याकडून. मी आत्ता बोलता बोलताच साहेबांना लिहून कळवलं. ते म्हणतात वकील बघतील. सोमवारी."

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"मंग त्या कुरियन सरायले सांग. नाही तं तुही ती वांजिरू."

"ते दोघंही आता आरोहणचेच नोकर आहेत. सरांना गेल्या वर्षी घेतलं, वांजिरूला दिवाळीत. तेव्हाही तूच पेढे वाटलेस."

वच्छलाबाई बाजेवर बसल्या. 

"नेम काय लिहिला होता तू?"

"दोन चावीदार, दोन वेगळ्या गावांतले."

"गावातले? मी घर म्हणत होतो, निनाद! घर!"

"तेव्हा कोणाला कसली कंपनी नव्हती, आई. प्रत्येक जण आपापल्या गावात आपापल्या घरी होता. गाव आणि घर एकच वाटलं. सहा लाख लोकांनी वाचला तो नियम. कोणालाच दिसलं नाही."

गावं अजूनही तीन होती; घर एक झालं होतं. तिघांच्या ताटात आता एकाच घरचं मीठ होतं. तिघांपैकी एकही वाईट नव्हता. कुरियन सरांचं हृदय कमजोर, त्यांच्या औषधपाण्याचं कंपनी बघत होती. वांजिरूची दोन मुलं शाळेत. कोणी लबाडी केली असती तर वच्छलाबाईंना भीती कमी वाटली असती. लबाडाला धरता येतं.

"डबी काढूनच ठेवतो मंग हिची."

"काढून सहा-सात तास, आई. त्याच्या पुढं रक्त आंबायला लागतं. आणि त्या डबीतलं औषध दहापट दाट असतं, हातानं टोचलं आणि थेंब चुकला तर..." 

लावली तर हसत-हसत जाणार, काढली तर आंबून जाणार. वच्छलाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांची नजर माठावर गेली, माठाच्या ओल्या फडक्यावर.

"आणि पट्टी गार ठेवली तं?"

"गार म्हणजे?"

"ओलं फडकं बांधून. माठ गार राहते तं दंड नाही राहणार?"

निनाद म्हणाला, "चाळिशीच्या खाली राहिली तर तक्ता चालेल. चालेल, आई! फडकं वाळू देऊ नकोस." आणि लगेच, तोच बारीक आवाज, "पण हे कोणाला सांगू नको. चूक मीच वर कळवली आहे. बाहेर आलं तर माझं नाव निघेल. नोकरी जाईल एवढंच नाही, कोर्टात उभं करतील. पुन्हा कोणी मला कोडच्या जवळ उभं करणार नाही. आई, ऐकतेस ना? सोमवारपर्यंत. कोणाला सांगू नको."

वच्छलाबाईंनी सुनेच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. त्यांची सून समोर होती, जिवंत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही सांगत."

फडकं बांधून झालं. पट्टीची गरमी अडतीसवर आली. नळी परत लावली, मीटरचा आणि डबीचा आकडा जुळला. स्वराली म्हणाली, "आई, शेवंताकाकू कुठं आहेत?"

शेवंता बारा वाजता डोकं दुखतं म्हणून घरी गेली होती. जाताना उगीचच हसत होती. वच्छलाबाईंनी तिला टोमणाही मारला होता, नवरीसारखं काय लाजते म्हणून.

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला.

तिसऱ्यांदा त्यांनी फोन लावला नाही. डोक्यावर पदर, हातात गुळाचा तांब्या, आणि पासष्ट वर्षांची ती बाई भर उन्हात धावत सुटली. तीन गल्ल्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. चपलेचा तळ डांबराला चिकटत होता, श्वास घशात जाळत होता, आणि कानात स्वतःचाच आवाज: बरं, नाही सांगत. बरं, नाही सांगत.

शेवंताचं दार नुसतं लोटलेलं होतं. पत्र्याच्या खोलीत ती चटईवर कुशीवर निजली होती, तोंडातून लाळ आलेली, अंग घामानं निथळलेलं. कमरेवर हिरवा दिवा.

"शेवंता. ए शेवंता! ऊठ, तुह्यावाणी आळशी बाई..." वच्छलाबाईंनी नळी उपटली, बोटानं गूळ तिच्या गालाच्या आत चोळला. दातखीळ बसली होती. डबीचं बटण चुकून दाबलं गेलं. "साखर एकशे सत्तर," डबी म्हणाली. "सगळं ठीक आहे."

ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांनी आली. शेवंताची मुलगी कामावरून धावत आली आणि विचारू लागली, "काय झालं मावशी? डबी तं ठीक म्हणते." वच्छलाबाई म्हणाल्या, "डबी खोटी आहे." ॲम्ब्युलन्सवाला त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही सावलीत बसा. पाणी प्या."

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले नाहीत की पाणी प्यायलं नाही. पाझरवाल्यांचा जगभरचा एक ग्रुप होता. कोणी कुठल्याही भाषेत बोलावं, ऐकणाऱ्याला आपल्या भाषेत ऐकू यायचं. वच्छलाबाईंनी बटण दाबून सांगितलं: उन्हात डबी खोटं सांगते, पट्टीला ओलं फडकं बांधा, बोट टोचून बघा.

उत्तरं लगेच आली. अकोल्याचा कोणी म्हणाला, "काकू, ऊन लागलं काय?" आदिलाबादची बाई म्हणाली, माझी तर एकशे चाळीस दाखवते, छान आहे. आणि सुदानच्या एका मास्तरानं फार अदबीनं लिहिलं, ते स्वरालीनं वाचून दाखवलं: "माताजी, असं काही असतं तर निनाद सरांनी आम्हाला सांगितलं नसतं का? त्यांनी आजवर एकही चूक लपवलेली नाही."

वच्छलाबाईंनी आपल्या फोनकडे पाहिलं.

लिहिता येत नसल्यानं ऑर्डरी विसरू नयेत, म्हणून त्यांचा फोन प्रत्येक बोलणं जपून ठेवायचा. दुपारचं बोलणंही आत होतं. निनादच्या तोंडचं. चार ओळींसकट.

"आई," स्वराली हळूच म्हणाली, "ते बाहेर गेलं तर निनाद संपेल."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही पण आहात त्यात."

हो, त्याही होत्या. बरं, नाही सांगत. स्वरालीनं तेवढा तुकडा कापून बघितला. कापल्याबरोबर बोलण्यावरची खरेपणाची निळी खूण गेली. नकली आवाज बनवणं कोणालाही जमायला लागल्यापासून त्या खुणेशिवाय कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि खूण फक्त न कापलेल्या बोलण्यावर राहते. पाठवायचं तर सगळं पाठवायचं. लेकाची विनवणी आणि आईची कबुली.

आयुष्यात वच्छलाबाईंनी कोणापुढं मान खाली घातली नव्हती. नवरा गेला तेव्हाही दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी शेड उघडली होती. आता सहा लाख लोक ऐकणार होते, की लोकांचं काम करणाऱ्याच्या आईनं आपली सून वाचवली आणि बाकीच्यांवर झाकण ठेवलं.

"तू सांग," त्या सुनेला म्हणाल्या. आजवर त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं.

स्वरालीनं दंडावरचं फडकं परत ओलं केलं. बराच वेळ पिळत राहिली. "मला विचारू नका, आई," ती म्हणाली. "मी पट्टी गार करून बसले आहे. मी काय सांगू?"

वच्छलाबाईंचं बोट दोनदा भलतीकडेच लागलं. तिसऱ्यांदा सगळं बोलणं ग्रुपवर गेलं.

ग्रुपवर फोटो यायला लागले. दंडाला बांधलेला टॉवेल, ओढणी, फाडलेली बनियन. टोचलेल्या बोटांचे आकडे: एकेचाळीस, छत्तीस, पंचावन्न. शिव्याही आल्या, निनादला आणि त्याच्या आईला, तीस भाषांतून शुद्ध मराठीत. वच्छलाबाईंनी त्या सगळ्या ऐकल्या, बंद केलं नाही. मग एकाचं आलं, की बायको झोपली आहे आणि उठत नाही, काय करू? त्याच्यापुढं त्याचं काही आलंच नाही.

निनादला फोन लागत नव्हता.

साडेपाचला स्वरालीच्या कमरेची डबी आपणहून बोलली, आणि दोघी दचकल्या. "नवी दुरुस्ती आली आहे. पहिली सही, निनाद पिदुरकर, पुणे. दुसरी सही बाकी आहे. दुसऱ्या सहीशिवाय दुरुस्ती लागू होणार नाही."

स्वरालीनं तोंडावर हात दाबला. पोरानं सही केली होती. म्हणजे सगळं गेलं होतं, नोकरी, नाव, उद्या. आणि तरी काही झालं नव्हतं. उन्हातल्या डब्या तीच खोटी गोड बातमी देत बसल्या होत्या, आणि फडकी वाळत होती, आणि कितीतरी माणसं ग्रुपवर नव्हतीच, ती कुठंतरी पत्र्याखाली निजून हसत होती.

दवाखान्यातून शेवंताच्या मुलीचा निरोप आला. साखर चढली, डोळे उघडले नाहीत. डॉक्टर काही सांगत नाहीत.

सहा वाजले. दुसरी सही बाकी. पारा सेहेचाळीस.

"कुरियन सरायचा नंबर आहे तुह्याकडे?"

"आहे. एकदा घरी आले होते ना आपल्या. पण आई, निनादचं झालेलं त्यांनी पाहिलं असेल. घाबरले असतील. त्यांचं औषधपाणी..."

"लाव."

"त्यांना मराठी येत नाही. आणि साध्या फोनवर ते भाषांतर चालत नाही, फक्त ग्रुपवर चालतं."

"लाव म्हणतो नं!" वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, तरी ते परत ओलं झालं. त्यांनी ते आता लपवलं नाही. "मराठी नसन येत त्यायले. रडणं तं समजन."

स्वरालीनं नंबर लावून फोन सासूच्या कानाशी धरला. पलीकडे, कोचीत, रिंग वाजत होती.